लाव्हा नावाला, राज्य राखेचं

ओल डोइन्यो लेंगाई या डोंगराविषयी माझी एक जुनी तक्रार आहे. त्याला जगभर नाव मिळालं ते त्याच्या लाव्ह्यामुळे, आणि पृथ्वीच्या पाठीवर त्याने जे काही करून ठेवलंय ते बहुतेक राखेमुळे. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात त्याला अर्धं पान मिळतं आणि त्या अर्ध्या पानात लाव्हाच असतो. मीही वर्गात तेवढंच शिकवायचो, कारण परीक्षेत तेवढंच विचारत. निवृत्त झाल्यावर मुलगी-जावयाकडे टांझानियातल्या अरुशाला जाऊन राहिलो आणि डोंगर पायथ्यापासून पाहिला, तेव्हा ही तक्रार पक्की झाली.

आधी जागा सांगतो. टांझानियाच्या उत्तर टोकाला, केनियाच्या सरहद्दीजवळ, नेट्रॉन नावाचं एक उथळ खारं सरोवर आहे. त्याच्या दक्षिणेला पंधरा-सोळा किलोमीटरवर हा डोंगर उभा आहे. उंची 2,962 मीटर. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून 1,646 मीटर भरतं. हा गडी भोवतालच्या मैदानापासूनच जवळपास दोन हजार मीटर उठलेला. बाजू इतक्या उभ्या की पाहताना मान दुखते. वरचा भाग पांढरा दिसतो आणि पहिल्यांदा पाहणारा हमखास म्हणतो, बर्फ आहे. बर्फ नाही, सोडा आहे. मसाई लोकांचा देव एंगाई इथे राहतो, म्हणून हा देवाचा डोंगर.

आफ्रिका खंड इथे फाटतं आहे. इथिओपियापासून खाली मोझांबिककडे जाणारी जी मोठी खचदरी आहे, तिच्या पूर्वेकडच्या फाट्यात हा डोंगर येतो. पश्चिमेला जमिनीचा एक प्रचंड कडा सरळ उभा, पूर्वेला सखल दरी, आणि दरीत जागोजागी ज्वालामुखी. जमीन दोन्हीकडे ओढली जाते ती वर्षाला काही मिलिमीटरच, पण भूगर्भशास्त्रात घाई कुणालाच नसते. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हा देखावा चमत्कारिक वाटतो. आपल्याकडे लाव्हा भेगांतून निघाला आणि थरावर थर आडवे पसरत गेला; कुठल्याही घाटातून जाताना ते थर मोजून घ्यावेत. तिथे मात्र प्रत्येक डोंगर सुटा, आपापल्या तोंडाने ओकलेला. गोरोंगोरो त्यातलाच. तो वीस लाख वर्षांपेक्षाही आधी आत कोसळला आणि मागे वीसेक किलोमीटर रुंदीचं विवर राहिलं. तिथे आज जीपगाड्यांची रांग लागते. केरिमासी, गेलाई, किटुम्बेने, एम्पाकाई ही आसपासची इतर नावं. ते सगळे थंड झाले. नेट्रॉनच्या खोऱ्यात आज जागा आहे तो एकटा लेंगाई. वयाने तो या सगळ्यांत धाकटा, काही लाख वर्षांचा.

आता ज्यासाठी त्याचं नाव झालं ते. जगातला जवळजवळ प्रत्येक लाव्हा सिलिकेटचा असतो, म्हणजे सिलिका हा त्याचा मुख्य घटक. आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टात, सिलिका पन्नास टक्क्यांच्या आसपास असते. लेंगाईच्या विवरातून जो काळा लाव्हा येतो त्यात ती एक टक्काही भरत नाही. त्यात असतं सोडियम, कॅल्शियम, थोडं पोटॅशियम आणि कार्बोनेट. साध्या भाषेत, धुण्याचा सोडा आणि चुनखडी यांचं वितळलेलं मिश्रण. आज जिवंत असलेल्या ज्वालामुखींत असा लाव्हा ओतणारा हा एकच.

त्याचं तापमानही वेगळं. 1988 च्या जूनमध्ये फ्रेंच ज्वालामुखी-वेडा मॉरिस क्राफ्ट आणि जर्मन शास्त्रज्ञ यॉर्ग केलर यांनी विवरात उतरून ते मोजलं. वाहत्या लाव्ह्याचं 491 ते 519 अंश सेल्सिअस भरलं, एका लाव्हा-तळ्यात 544. बेसॉल्टचा लाव्हा अकराशे-बाराशे अंशांना बाहेर पडतो, म्हणजे हा त्याच्या निम्माच. एवढ्या कमी तापमानाला तो लाल दिसत नाही. भर उन्हात गॅरेजच्या दारात सांडलेल्या काळ्या ऑइलसारखा दिसतो, रात्री मात्र किंचित तांबूस होतो. आणि हवाईच्या बेसॉल्टपेक्षाही पातळ, त्यामुळे उतार मिळाला की पळत सुटतो. हेच मॉरिस आणि त्याची बायको कातिया पुढे 1991 मध्ये जपानच्या उन्झेनवर गेले. त्यांनाही लाव्ह्याने मारलं नाही. जळती राख आणि वायू यांचा लोंढा डोंगरावरून खाली आला, त्यात ते सापडले.

जावई एका रात्री डोंगर चढून आला. चढायला लोक रात्रीच निघतात, दिवसा ऊन सोसत नाही. माझ्या गुडघ्यांनी आधीच नकार कळवला होता, म्हणून त्याच्याकडून एक खडा मागवला. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून आणलेला खडा काळसर-राखाडी होता. मी तो अरुशाच्या घरी ओट्यावर उघडा ठेवला. हवेतला ओलावा लागल्यावर त्यावर पांढरी बुरशी यावी तसा थर चढला, आणि काही दिवसांत बोटाने चुरता येईल असा भुसभुशीत झाला. जुन्या मास्तरी सवयीने जिभेला लावून पाहिला. खारट, तुरट, शेवटी पापडखाराची चव. मुलगी ओरडली ते वेगळं.

हेच डोंगरावरही होतं. ताजा काळा लाव्हा एक-दोन दिवसांत करडा, मग पांढरा पडतो. त्यातली मूळ खनिजं दोन, आणि दोन्ही हवेत टिकत नाहीत. एकाला ग्रेगरीआइट म्हणतात. जॉन वॉल्टर ग्रेगरी या ज्या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने या दरीला 1896 च्या आपल्या पुस्तकात 'ग्रेट रिफ्ट व्हॅली' म्हणून ओळख दिली, त्याचं ते नाव. दुसऱ्याला न्येरेरेआइट म्हणतात, टांझानियाचे पहिले अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्यावरून. राष्ट्रपित्याचं नाव द्यायला असं खनिज निवडलं की जे पहिल्या पावसात विरघळतं, हे कुणाच्या लक्षात आलं नसावं. की आलं असावं?

बाहेरच्या जगाला हा डोंगर ठाऊक झाला तो 1883 च्या सुमारास, जर्मन प्रवासी गुस्टाव फिशर नेट्रॉनच्या बाजूने गेला तेव्हा. 1904 मध्ये कार्ल उलिग आणि फ्रित्स येगर यांची जर्मन मोहीम आली आणि माथ्यापर्यंत पोचली. मुलूख तेव्हा जर्मन पूर्व आफ्रिकेत होता. त्यानंतर हान्स रेक आला. शेजारच्या ओल्डुवाई घळीत 1913 मध्ये मानवी सांगाडा काढून ज्याने खळबळ उडवली तोच हा. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर त्याने लेंगाईवर सविस्तर लिहिलं. पांढरा माथा, विवरातले खारांचे थर, हे या मंडळींनी पाहिलं. पण हा पांढरा खार म्हणजे लाव्हा असू शकेल अशी शंकासुद्धा त्या काळात येणं कठीण होतं. वाफांतून, पाण्यातून बसलेला क्षार, एवढंच स्पष्टीकरण पुरेसं होतं. लाव्हा म्हणजे वितळलेला सिलिकेट खडक, हे गृहीतच होतं.

1917 च्या पहिल्या सहामाहीत डोंगर फुटला. युद्ध चालू होतं, अरुशाचा भाग इंग्रजांनी नुकताच घेतलेला, आणि वर डोंगर राख उडवतोय. केनियातला इंग्रज अधिकारी चार्ल्स हॉबली याने दुसऱ्या वर्षी त्यावर एक टिपण छापलं. पुढचा मोठा स्फोट 1940-41 चा. त्याचीही नोंद झाली, पण जग तेव्हाही दुसऱ्याच आगीत होतं. दोन्ही महायुद्धांत हा डोंगर बोलला आणि दोन्ही वेळा ऐकायला फारसं कुणी मोकळं नव्हतं.

मधल्या काळात युरोप-अमेरिकेत एक शास्त्रीय भांडण पेटलं होतं. नॉर्वेतल्या फेन इथे कार्बोनेटने भरलेला एक विचित्र खडक सापडतो. वाल्डेमार ब्रोगर याने 1921 मध्ये म्हटलं, हा शिलारसातून आलेला अग्निजन्य खडक आहे. त्याला कार्बोनेटाइट म्हणा. समोर नॉर्मन बोवेनसारखा माणूस, ज्याचा शब्द त्या शास्त्रात जवळजवळ शेवटचा मानला जाई. त्याला हे पटलं नाही. कार्बोनेट वितळायला फार मोठं तापमान लागतं, आणि वितळण्याआधीच कार्बन डायऑक्साइड उडून जाईल. म्हणून हे गरम द्रावणांनी मागाहून भरलेलं काहीतरी असणार, असा त्याचा पक्ष. रेजिनाल्ड डॅलीचा गट वेगळाच: त्यांच्या मते शिलारस चुनखडकात घुसला आणि चुनखडक पचवून बसला, त्यातून ही भानगड झाली.

भांडण मिटवलं ते दोन गोष्टींनी, आणि दोन्ही जवळजवळ एकाच वेळी घडल्या. अमेरिकेत पीटर वायली आणि ऑर्व्हिल टटल यांनी प्रयोगशाळेत दाखवलं की दाबाखाली पाणी असेल तर कॅल्साइट साधारण साडेसहाशे अंशांना वितळू लागतं. त्यांचा निबंध 1960 चा. आणि त्याच वर्षी टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, बॅरी डॉसन हा तरुण ब्रिटिश भूशास्त्रज्ञ लेंगाईच्या विवरात उतरला. तिथे काळा रस वाहत होता. त्याचे नमुने तपासले तर सोडियम कार्बोनेट! 1962 मध्ये 'नेचर' नियतकालिकात त्याचा छोटा लेख आला आणि वादातला अर्धा दम गेला. कार्बोनेटचा शिलारस असतो की नाही यावर चर्चा करणाऱ्यांपुढे एक डोंगर उभा होता आणि तो तेच ओकत होता.

आमच्या पिढीच्या मराठी भूगर्भ-मास्तरांना या बातमीचं विशेष कौतुक असण्याचं कारण घरचं होतं. 1963 मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे प्राध्यापक आर. एन. सुखेसवाला आणि अणुखनिज विभागाचे जी. आर. उदास यांनी गुजरातेतल्या अंबाडोंगरचा खडक कार्बोनेटाइट असल्याचं जाहीर केलं. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर शिवेवरून नर्मदा वाहते, तिच्या पलीकडे छोटा उदेपूरकडे हे ठिकाण आहे. तिथे कार्बोनेटाइटचं कडं आहे, आणि फ्लोराइटच्या मोठ्या साठ्यासाठी ते पुढे प्रसिद्ध झालं. त्याचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचा शेवटचा काळ. आणि बसलाय तोही नर्मदेच्या खचलेल्या पट्ट्यात. विद्यार्थ्यांची सहल मी तिकडे नेत असे. पोरांना काळ्या पाषाणाची सवय. पांढरट-पिवळसर दगड हातात घेऊन त्यावर ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतो, हे पाहून ती म्हणत, सर, हा तर चुनखडक. हीच तर डॅलीची शंका होती! मी तिथेच बसून फेनपासून लेंगाईपर्यंतची गोष्ट सांगायचो. एवढाच धडा त्यांना वर्षभर लक्षात राहत असे.

अर्थात अंबाडोंगर आणि लेंगाई हे सख्खे भाऊ नव्हेत. अंबाडोंगरचा खडक कॅल्शियमचा, आणि जगातले जुने कार्बोनेटाइट बहुतेक तसेच. लेंगाई एकटाच सोडियमचा. मग प्रश्न आला की जुन्यांतही सोडियम होतं आणि पावसाने धुऊन नेलं, की लेंगाईच मुळात अपवाद? शेजारच्या केरिमासीच्या राखेत रिचर्ड हे या भूशास्त्रज्ञाला सोडियम-लाव्ह्याच्या धुतल्या गेलेल्या खुणा दिसल्या, म्हणून काही दिवस पहिल्या मताची चलती होती. आजचा कल दुसऱ्या बाजूला आहे. खोल कवचाखाली अगदी थोडा खडक वितळतो, त्यात कार्बन डायऑक्साइड आणि सोडियम भरपूर. वर येताना त्यातून नेफेलिनाइट नावाचा सिलिकेटचा रस तयार होतो. तो थंडावताना एका टप्प्यावर कार्बोनेटचा रस त्यातून वेगळा फुटतो आणि दोघं एकमेकांत मिसळत नाहीत. विवरात दिसतो तो हा वेगळा फुटलेला अंश.

आणि इथेच माझ्या तक्रारीचं मूळ आहे. हा सोड्याचा लाव्हा म्हणजे डोंगराचा अगदी किरकोळ भाग. संपूर्ण शंकू उभा आहे तो नेफेलिनाइट आणि फोनोलाइट या सिलिकेट खडकांच्या राखेवर, गोट्यांवर आणि लाव्ह्यांवर. पायथ्याच्या घळींत उभं राहिलं की पिवळसर राखेचे घट्ट झालेले थर दिसतात, त्यात मधूनच मूठभर ते डोक्याएवढे दगड. उत्तरेला सरोवराच्या दिशेने मैदानात लहानलहान टेकड्या विखुरलेल्या आहेत. ते डोंगराचे स्वतःचे तुकडे, त्याची बाजू कधीतरी ढासळली तेव्हाचे. सोड्याचा लाव्हा वाहून पांढरा होतो, पावसात विरघळतो, सरोवरात जातो. डोंगर वाढवते ती राख.

लेंगाईचा स्वभावही यातूनच कळतो. वर्षानुवर्षं तो विवरात शांतपणे काळा रस ओतत बसतो, लोक वर चढून फोटो काढतात. मग खालून नवा सिलिकेट रस येतो, वरच्या कार्बोनेटला भिडतो, कार्बन डायऑक्साइड एकदम सुटतो आणि स्फोट होतो. 1966 च्या ऑगस्टमध्ये असंच झालं. विवराचा खोल खड्डा झाला. 1983 पासून त्यात पुन्हा काळा रस साचू लागला, जागोजागी बारीक निमुळते सुळके वाढले, आणि 1998 पर्यंत विवर काठोकाठ भरून पूर्वेकडून लाव्हा बाहेर ओघळला. 2006 च्या मार्चअखेरीस एक मोठा ओघ पश्चिम उतारावरून दोन-तीन किलोमीटर खाली गेला. पर्यटकांच्या दृष्टीने हा सुवर्णकाळ.

मग 2007 चा जुलै आला. शेजारच्या गेलाई डोंगराखाली भूकंपांची मालिका सुरू झाली. 17 जुलैचा धक्का 5.9 तीव्रतेचा होता. नैरोबीत लोक इमारती सोडून रस्त्यावर आले. उपग्रहांच्या रडार-चित्रांवरून नंतर उलगडलं की शिलारसाची एक उभी भिंत जमिनीखाली घुसली होती, कित्येक किलोमीटर लांब, आणि तिने जमीन दोन मीटरच्या आसपास फाकवली. ती वर आलीच नाही. खंड फाटतं म्हणजे काय ते आमच्या शास्त्राला इतक्या जवळून क्वचितच पाहायला मिळालं आहे. सप्टेंबरच्या चार तारखेला लेंगाई फुटला आणि 2008 च्या एप्रिलपर्यंत राख उडवत राहिला. सुळके गेले, लाव्ह्याचं मैदान गेलं, त्या जागी राखेचा नवा शंकू आणि मध्ये खोल विहीर. कुरणांवर राख बसली, मसाईंनी गुरं घेऊन स्थलांतर केलं, जनावरंही दगावली.

एंगारे सेरो गावातला आमचा वाटाड्या तेव्हा शाळकरी मुलगा होता. मला पाहिलं की "शिकामो, म्झे" म्हणून मान वाकवायचा. थोरांना असंच म्हणतात तिकडे, आणि उत्तरात "मरहबा" म्हणायचं असतं, हे मुलीने मला आधीच पढवलं होतं. त्याला मी विचारलं, लाव्ह्याची भीती वाटते का? तो हसला. लाव्हा वर असतो म्हणाला, तिथे गुरं जात नाहीत. राख गवतावर पडते. भूगर्भशास्त्राच्या अर्ध्या पानापेक्षा हे उत्तर मला नेमकं वाटलं. मसाईंच्या एंगाईचीही दोन रूपं आहेत: काळा एंगाई पाऊस आणि गवत देणारा, तांबडा कोपणारा. मूल होत नसलेल्या बायका या डोंगराच्या पायथ्याशी प्रार्थनेला येतात, डोंगर खवळला की बकरं-मेंढरू वाहिलं जातं. यात मला भाबडेपण दिसत नाही. ज्याच्या राखेवर आपलं गवत आहे त्याच्याशी हिशेब नीट ठेवलेला बरा.

आणि गवत खरोखरच त्या राखेवर आहे. सेरेंगेटीचा आग्नेय भाग, न्दुतूच्या बाजूचं ते अफाट सपाट मैदान, त्यावर झाड का नाही? वारा पूर्वेकडून वाहतो. केरिमासीची, लेंगाईची आणि आधीच्या डोंगरांची राख पश्चिमेला त्या मैदानावर पडत आली. पावसाने तिच्यातली चुनखडी खाली उतरवली आणि जमिनीखाली थोड्याच खोलीवर तिचा सिमेंटसारखा घट्ट थर झाला. झाडाचं मूळ त्यातून जात नाही. आखूड गवताला मात्र वरची माती पुरते. सांगली-साताऱ्याकडे चुनखडीचा असा थर शेतकऱ्याला शिव्या द्यायला लावतो. तिथे त्याच थराने जगातलं सर्वांत मोठं बाळंतघर उभं केलं. कॅल्शियम आणि फॉस्फरसने भरलेलं ते गवत व्यायलेल्या मादीला हवं असतं. तेरा लाखांच्या घरातले वाइल्डबीस्ट वर्षाच्या सुरुवातीला तिथे येतात, आणि फेब्रुवारीच्या आसपास दोन-तीन आठवड्यांत बहुतेक पिल्लं जन्मतात.

राखेने माणसाच्या पायांचे ठसेही राखले आहेत. नेट्रॉनच्या दक्षिण काठाला, एंगारे सेरोजवळ, राखेच्या वाळलेल्या चिखलात चारशेच्या वर पाऊलखुणा आहेत. स्थानिक मसाई माणसाच्या नजरेला त्या आधी पडल्या, शास्त्रज्ञ नंतर पोचले. वय 5,760 ते 19,100 वर्षांच्या दरम्यान. 2020 मध्ये छापलेल्या अभ्यासानुसार त्यातली सतरा जणं एकाच दिशेने एकत्र चालत होती, आणि पावलांच्या मापावरून त्यात चौदा बायका असाव्यात. कंदमुळं गोळा करायला निघालेला बायकांचा जथा, असा त्यावरून अंदाज आहे. ओल्डुवाईजवळ याच राखेचा एक काळा अर्धचंद्राकृती ढिगारा वाऱ्याबरोबर वर्षाला पंधरा-सतरा मीटर सरकतो. लोहचुंबक लावला तर त्याची वाळू चिकटते.

सोड्याचा हिशेब मात्र सरोवराकडे जातो. नेट्रॉन इतकं तिखट क्षारयुक्त की त्वचेला झोंबतं, आणि कोरड्या ऋतूत खारप्रेमी सूक्ष्मजीवांनी लालभडक होतं. 2020 च्या जूनमध्ये आपलं लोणार गुलाबी झालं आणि पुण्याच्या आघारकर संस्थेने त्यामागे असेच सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं, ते आठवावं. लोणार उल्केने झालं, त्याचा ज्वालामुखीशी संबंध नाही. पण दोन्ही ठिकाणी सोडा बाहेर जायला वाट नाही, हे सारखं. नेट्रॉन हे पूर्व आफ्रिकेतल्या लहान रोहित पक्ष्यांचं एकमेव भरवशाचं वीणस्थान आहे. तिखट पाण्यामुळे तिथे शिकारी जनावर फिरकत नाही. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात येणारे लहान रोहित याच जातीचे, पण ते आफ्रिकेतून नाही, मुख्यतः गुजरातकडून येतात.

या सोड्यात मुंबईचाही हात गुंतलेला आहे. सरहद्दीपलीकडे केनियात मगाडी सरोवरातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सोडा ॲश काढतात. 2005-06 मध्ये ब्रुनर मॉन्ड ही इंग्रज कंपनी विकत घेतल्यावर तो कारखाना टाटा केमिकल्सकडे आला. त्याच सुमारास नेट्रॉनवरही टांझानिया सरकारबरोबर कारखाना काढण्याचा बेत झाला. पक्षीमित्रांनी रान उठवलं आणि टाटांनी त्यातून अंग काढून घेतलं. चांगलं केलं असं माझं मत आहे. सोडा दुसरीकडेही मिळतो. रोहितांना दुसरं सरोवर मिळत नाही.

2007-08 च्या स्फोटाने झालेल्या त्या विहिरीत पुन्हा काळा रस दिसू लागला आहे. मोठे स्फोट पाहिले तर 1917, 1940, 1966, 2007. यांतून पुढची तारीख काढणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नका. डोंगराच्या अंगावर आता जीपीएस यंत्रं बसवली आहेत आणि त्याचा फुगवटा मिलिमीटरने मोजला जातो. इशारा मिळाला तर तिथूनच मिळेल.

मराठी मंडळी टांझानियाला जातात ती बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये, मारा नदीत उड्या घेणारे वाइल्डबीस्ट बघायला. माझं ऐकाल तर फेब्रुवारीत न्दुतूला जा, आणि एक दिवस जास्त काढून म्टो वा म्बू, एंगारुका मार्गे एंगारे सेरोला या. रस्ता खराब आहे, पाणी बरोबर घ्या, गुडघे धड असतील तरच डोंगर चढा. नसतील तर पायथ्याशी थांबून घळीतले राखेचे थर बघा. डोंगराची खरी कमाई तिथे आहे, वर विवरात नाही.